सालोचे गरम हात

एव्झेनमामा, तुला काही विचारलं की तू टोपी उचलून फिरायला निघायचास. म्हणून इथे तुला ‘तो’ म्हणते आणि स्वतःला ‘मिलेना’, म्हणजे तुला मध्येच उठता येणार नाही.

एव्झेन विंटर्निट्स प्रागच्या छापखान्यात प्लेटा दुरुस्त करायचा. जर्मनांनी त्याला छळछावणीत टाकलं आणि तिथल्याच एका बंद बराकीत इंग्रजांचे खोटे पौंड करायला बसवलं. गादी मिळाली, सूप जरा दाट मिळालं. पण आजारी पडलेल्याला दवाखाना नाही. तापात माणूस बडबडतो, गुपित फुटतं. सरळ गोळी.

कोरी नोट संशय वाढवते. म्हणून कैदी समोरासमोर उभे राहायचे आणि न धुतलेल्या हातांनी नोटा दुमडत, चोळत एकमेकांकडे द्यायचे. एव्झेनच्या समोर झिलिना गावचा, टोप्या शिवून विकणारा सालो क्लाइन. हिवाळ्यात तो खोकायला लागला.

"हळू खोक रे, ऐकतील."

"लंडनची हवा बाधली. एवढे पौंड हाताळल्यावर दुसरं काय होणार, मालक?"

क्षयच होता. तो खोकला की ओळीतलं कुणीतरी मुद्दाम बूट आपटायचं. असं करत त्याला महिनाभर झाकलं.

मग एकदा अधिकाऱ्याने गठ्ठ्यातली एक नोट उजेडात धरली. मऊ, मळकी, अगदी दहा खिशांतून फिरून आलेली. "ही कुणाची?"

एव्झेनला वाटलं, ज्याच्यावाचून अडतं त्याला मारत नाहीत. शिवाय काम खरंच सुंदर उतरलं होतं.

"क्लाइनची, साहेब. असे हात दुसऱ्या कुणाचे नाहीत. घाम सुटतो, कागद लगेच मुरतो."

"बघू तरी."

अधिकाऱ्याने सालोचा तळवा हातात घेतला. तो तापाने भाजत होता. अधिकारी रुमालाला हात पुसून निघून गेला. सकाळी सालोला बाहेर नेलं, आणि बराकीमागे गोळी वाजली.

लढाई संपल्यावर एव्झेन परतला, पण एका जागी बसेना. जेवायचासुद्धा उभ्यानेच. सालोच्या बायकोचा, गिझेलाचा, निरोप आला: येऊन सांगा, ते कसे गेले.

"मिलेना, तू चल बरोबर," तो भाचीला म्हणाला.

"मी काय बोलू तिथे?"

"काही नको. मी अडलो तर चहा ठेव."

दोघं स्टेशनवर गेली. गाडी लागली. तो फलाटावर येरझारा घालत राहिला.

"मामा, तापाने गेला म्हणून सांग."

"ताप होताच. पण दाखवला कुणी?"

गाडी सुटली.

"पुढच्या गुरुवारी जाऊ," तो म्हणाला. पुढच्याही गुरुवारी तेच म्हणाला. झिलिनाला जाणं झालंच नाही.