चाचांचे कान

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघतो.

इंदापुरात माझं दुकान आहे, गाड्यांना साउंड बसवायचं. माझं म्हणायचं, पण उभं केलं ते रशीद चाचांनी. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं शिकलो. सबवूफरमधून नको तो आवाज येतोय म्हणून गाडी आली की चाचा आधी वायरींना हात लावत नसत. गाडी चालू करायची, काचा वर घ्यायच्या आणि डोळे मिटून बसायचं. डिकीचं झाकण थरथरतंय, आत एखादा बोल्ट ढिला आहे, की स्पीकरचा कागदच फाटलाय — बसल्या जागी सांगायचे. बारामतीच्या दुकानांनी हात टेकले की ती गाडी आमच्याकडे यायची. त्यांच्या कानांवर दुकान चालायचं, असं म्हटलं तरी चालेल.

एकदा बावड्याच्या एका गुरुजींची नवी गाडी आली. चाचा म्हणाले, "ही पुरी तूच कर. मी हात लावणार न्हाय." आणि गुरुजींना सांगितलं, हा आता माझ्यापेक्षा चांगला झालाय.

आता जरा धंद्यातलं सांगावं लागेल. अॅम्प्लिफायरची अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळतात. त्याआधी तेवढ्या जागेचा रंग घासून पत्रा उघडा करायचा असतो. रंग राहिला तर इंजिनाची गुणगुण स्पीकरमध्ये शिरते. चाचांनी मला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी रंग घासला नाही. का? घाई नव्हती, अडचण नव्हती. कंटाळा केला — एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा गाडीत बसले. रेस दिली, सोडली, पुन्हा दिली.

"गुणगुण येतीय रं. रेस दिली की चढतीय. तुला येतीय का ऐकू?"

येत होती. मी शेजारीच बसलो होतो, स्पष्ट येत होती. कुठून येतेय तेही मला त्याच क्षणी कळलं होतं. रंग घासायचा राहिला, एवढं म्हणायचं होतं. ते रागावले असते का? नसते. हसले असते फार तर. मग मी काय म्हणालो?

"न्हाय चाचा. मला तर काय येत न्हाय ऐकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही — तसं असतं तर बरं झालं असतं. काळजीनं बघितलं, स्वतःच्याच.

शुक्रवार होता. दुपारी ते नमाजाला गेले. मी डिकी उघडली, बोल्ट काढला, पत्रा पांढरा होईस्तोवर घासला आणि वायर परत आवळली. गुणगुण गेली. चाचा आले ते सरळ गाडीत जाऊन बसले. बराच वेळ बसून होते. मग कानात बोट घालून हलवलं आणि म्हणाले, "सकाळी हुती रं."

"वय झालं की व्हतं असं," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. तरी म्हणालो.

त्यानंतर प्रत्येक गाडीला तेच. "बघ रं, गाडीत हाय का माझ्या कानात?" मी खरं सांगायचो — आता खरं सांगायला माझं काय जात होतं? पण त्यांचा स्वतःवर विश्वास राहिला नव्हता. डॉक्टरांनी तपासून कान चांगले आहेत म्हणून सांगितलं. चाचांना वाटलं, म्हाताऱ्याची समजूत काढतायत. वर्षाच्या आत त्यांनी दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि घरी बसले. मी किल्ल्या घेतल्या.

इथंच संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

दोन वर्षांनी चाची परसात धुणं धुताना घसरून पडल्या. डोकं दगडावर आपटलं. चाचा पुढच्या खोलीत होते. शेजारीण सहज आली तेव्हा चाची पडलेल्या दिसल्या — पाऊण-एक तास तशाच होत्या. चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारल्या. दफन करून आल्यावर चाचा ओट्यावर माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले,

"हाक आली हुती मला. दोनदा. वाटलं, कानातलीच हाय. उठलोच न्हाय मी."

सांगायचं होतं तर तेव्हा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तुमचा काय दोष, चाचा. वय हाय." दुसऱ्यांदा तेच. तोंडातून कसं निघालं? सहज निघालं.

आता ते लेकीकडे असतात, लोणी देवकरला. जावई तिथं कारखान्यात आहे. फारसं बोलत नाहीत, टीव्ही लावू देत नाहीत. लेक स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा समोरच्याकडे बघतात — खरंच कुणी बोलावलं का, ते त्याच्या तोंडावरून ओळखतात. मी दर ईदला जातो. या ईदलाही गेलो. जावयाचा कुणी पाहुणा आला होता, चाचांनी त्याला माझी ओळख करून दिली.

"माझे कान बिघडल्यात, हे पहिल्यांदा ह्यानं सांगितलं मला. दुसरा असता तर झाकून ठिवलं असतं. ह्यो खोटं बोलत न्हाय."

पाहुण्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मी वाटीतला शीरखुर्मा संपवला, चाचांच्या पाया पडलो आणि दुकान उघडायला निघालो.