पेन्सिलीची रेघ

कॉलेजच्या ग्रंथालयात त्या बदनाम जर्मन तत्त्वज्ञाचं पुस्तक बऱ्याच वर्षांनी हातात घेतलं. युरोपात त्याच्यामागून आलेल्यांपैकी काहींनी त्याच्या वाक्यांवर हुकूमशाहीची इमारत उभी केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काहींनी त्यातलं बोचरं तेवढं पुसून त्यालाच स्वातंत्र्याचा कैवारी ठरवलं. पुस्तक दोघांनी तेच वाचलं होतं.

दुबळ्यांविषयी तुच्छतेनं लिहिलेल्या एका परिच्छेदाखाली पेन्सिलीची जाड रेघ होती. ‘‘कुणाला आवडलं असेल हे?’’ मी चिडून ग्रंथपाल बाईंना विचारलं.

त्यांनी पुस्तकाच्या मागच्या पाकिटातलं नोंदीचं कार्ड काढून पाहिलं. ‘‘सर, विद्यार्थी असताना तुम्ही नेलं होतंत. त्याआधी कुणी नाही, त्यानंतरही कुणीच नाही.’’

मी खोडरबर मागून घेतला. रेघ गेली, पण ती दाबून ओढल्याचा वळ बोटाला लागतच राहिला.