पेपरातला फोटो आणि विकली गेलेली लेफ्ट बॅक

परवाच्या पेपरात आमचा फोटो आलाय. तालुक्याचा कप उंच धरून माझ्या मुली ओरडताहेत आणि मी, त्यांची कोच, कॅमेरा सोडून भलतीकडेच बघतेय... दोन दिवस जो तो विचारतोय, मॅडम, लक्ष कुठं होतं तुमचं? म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

बीडमध्ये मुलींचं फुटबॉल चालवणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. दोन वर्षं आम्ही पहिलीच मॅच हरून घरी आलो. यंदा मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं, कप नाही आला तर संध्याकाळचं ग्राउंड क्रिकेटला. म्हणजे आमची टीमच बंद.

शाळेच्या फाटकापाशी रफिकभाईंचा फळांचा गाडा असतो. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर परदेशातल्या मोठमोठ्या टीमच्या मॅचेस. महिनाभर ते कुंपणापलीकडून मला सूचना करत होते आणि महिनाभर मी ऐकून न ऐकल्यासारखं... मी बी.पी.एड. झालेली बाई, मला शिकवणार कोण, तर मोसंबीवाले!

एकदा वैतागून विचारलंच, तुम्ही एवढं बघता तरी काय? म्हणाले, बॉल नाही आणि कोचही नाही, कोचच्या बाजूला बसतो तो असिस्टंट बघतो. कोच रेषेवर उभा राहून ओरडतो. हा मागे टॅबलेट घेऊन गप बसतो, कॉर्नर कसा मारायचा, कुणी कुठं सरकायचं ते सगळं यानं ठरवलेलं असतं म्हणे.

"गोल झाला की कॅमेरा मोठ्या साहेबाकडं जातो मॅडम. पण साहेब पयले कुणाकडं पाहतो, ते बघा तुमी."

घरी जाऊन एक जुनी मॅच लावली. कॉर्नरवर गोल झाला, स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी... आणि तो नावाजलेला कोच आधी मागे वळला, बाकावरच्या टकल्या माणसाला जाऊन मिठी मारली. दुसऱ्या दिवशी मी गाड्यावर गेले आणि म्हटलं, रफिकभाई, आमच्या बाकावर बसाल का?

त्यांचा क्लास गाड्यावरच. अकरा मोसंब्या मांडायच्या, एकेक मोसंबी म्हणजे आमची एकेक खेळाडू, मुली गाड्याभोवती उभ्या. एकदा डिफेन्स रंगात आला होता, तेवढ्यात एक आजी आल्या आणि चांगली रसरशीत बघून नेमकी आमची लेफ्ट बॅकच, म्हणजे डावी बाजू राखणारी, पिशवीत टाकली... आमची खरी लेफ्ट बॅक साक्षी तर हसून हसून खालीच बसली.

रफिकभाईंनी मोसंबी विकली. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मी रिकाम्या जागी दुसरी ठेवायला गेले तर माझा हात धरला.

"ढिगातलं फळ गेलं की भोक बुजवायचं न्हाई. सगळा ढीग जरासा सरकवायचा."

मग त्यांनी दहा मोसंब्यांवर दाखवलं. बॉल ज्या बाजूला, तिकडे सगळ्यांनी सरकायचं. लांबची बाजू खुशाल उघडी ठेवायची, बॉल तिथं जाईपर्यंत आपण पोचतो. मी आपली हसले आणि विसरून गेले.

फायनलला आम्ही एका गोलने पुढे. ऊन असं की तिन्ही बदली खेळाडू कधीच वापरून झालेल्या... आणि शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना साक्षीचा पाय मुरगळला. लेफ्ट बॅक गेली आणि आम्ही दहा जणी.

खोटं कशाला बोलू, मला घाम फुटला. कॅप्टन प्रणाली आमची एकुलती स्ट्रायकर, तिलाच साक्षीच्या जागी मागे बोलावणार होते. शेजारी रफिकभाई उठले. पिशवीतून एक मोसंबी काढली, मुलींना दिसेल अशी वर धरली आणि सावकाश परत पिशवीत टाकली... बस्स, एवढंच.

मी विसरले होते, मुली विसरल्या नव्हत्या. सगळा ढीग सरकला! बॉल डावीकडे गेला की सगळ्या डावीकडे, उजवीकडे गेला की सगळ्या उजवीकडे. समोरच्या पोरींना पंधरा मिनिटांत भोक काही सापडलं नाही.

शिट्टी झाली तेव्हा मला रडू आलं, लपवत नाही. संध्याकाळचं ग्राउंड आमचंच राहिलं... साक्षी लंगडत नाचत होती. फोटोवाला ओरडत होता, मॅडम, इकडे बघा.

पेपरवाल्यांनी फोटो कापलाय, रफिकभाई त्यात नाहीत. पण डाव्या कडेला नीट बघा. एक हात आलाय आणि हातात मोसंबी आहे... मी तिकडं बघत होते.