साहेबरावाची रोडकिंग

साहेबरावाला दोन गोष्टी खपत नसत. कुणी त्याच्या आईला वाकडं बोललेलं, आणि कुणी त्याच्या फटफटीला हात लावलेला. त्यातही पहिल्या गुन्ह्याला तो एखादी सणसणीत शिवी देऊन सोडून द्यायचा. दुसऱ्याला माफी नव्हती.

फौजेत तो डी.आर. होता, म्हणजे कागदांचं पाकीट छातीला बांधून फटफटीवरून एका तळावरून दुसऱ्या तळावर नेणारा शिपाई. एकाहत्तरच्या लढाईत आजूबाजूला गोळे पडत असताना त्यानं उखडलेल्या रस्त्यांवरून गाडी हाणली होती. पण खापरवाडीत कुणी लढाईची गोष्ट विचारली, तर दुश्मनाबद्दल अवाक्षर नाही. कुठल्या पुलाशी कार्बोरेटरात पाणी शिरलं आणि ते त्यानं अंधारात चाचपत कसं काढलं, हेच तो रंगवून सांगायचा. ऐकणारे हळूच उठून जायचे.

अठ्ठ्याहत्तर साली जालन्याच्या एजन्सीत नवी येझदी आली. रोडकिंग. साहेबराव गेला होता बाजरीचं बी आणायला, आला तो डोळ्यांत फटफटी घेऊन. बी विसरलाच. रात्री जेवताना बायकोला, बेबीनंदाला, सांगायला लागला, "अडीचशेची हाय. दोन सायलेन्सर, दोन्हीकडून एकएक. हँडल असं खाली. माणूस बसला की आपोआप पुढं वाकतो."

"त्या दोन नळ्यांतून दूध येतंय का?" चूल फुंकता फुंकता चांगुणाबाईनं विचारलं. ही त्याची आई. तिला लेकाचे सगळे गुण माहीत होते, आणि त्यातला एकही तिला पसंत नव्हता.

फौजेतून मिळालेलं सगळं त्यानं त्या गाडीत घातलं. गाडी आली तेव्हा वस्तीतली लेकरं तिच्याभोवती नाचली. बुद्धविहारापुढं म्हाताऱ्यांनी तिला फुलं वाहिली, तर साहेबराव म्हणाला, फुलं नको, टाकीवर चरा पडतो. तो तिला रोज पुसायचा, पेट्रोलात तेल मिसळताना औषध मोजणाऱ्या कंपाउंडरसारखा डोळा बारीक करायचा, आणि सकाळी सुरू केली की काही वेळ नुसता आवाज ऐकत उभा राहायचा. चांगुणाबाई उंबऱ्यात मिश्री लावत हे सगळं बघायची. गाडीला ती सटवी म्हणायची. बेबीनंदा म्हणायची, सटवी कशाची, सवत हाय माही.

खापरवाडीच्या वेशीत एक पार होता. वस्तीतला माणूस सायकलवर असो की बैलगाडीत, पार आला की खाली उतरायचा आणि चावडीपर्यंत पायी जायचा. तसा कायदा नव्हता, कुणी तोंडानं सांगतही नसे. पाय आपोआप खाली यायचे, कारण बापाचे आले होते, आज्याचे आले होते. साहेबरावाचे आले नाहीत. पहिल्याच दिवशी तो पारापुढून दुसऱ्या गिअरमध्ये गेला, आणि पारावरच्या माणसांच्या हातातली तंबाखू हातातच राहिली.

त्या पारावर बद्रीनाथ होता. पाटलाचा पुतण्या. त्याच्याकडे एक जुनी फटफटी होती आणि तोवर गावात तेवढीच होती. रोडकिंगसाठी त्यानंही एजन्सीत नाव नोंदवलं होतं, पण साहेबरावाचा नंबर आधी लागला. बद्रीनाथ मुळातच दुष्ट होता असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तसं नव्हतं. गाडीवर त्याचा साहेबरावाइतकाच जीव जडला होता. एकदा तो वस्तीपर्यंत आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "एक चक्कर मारू दे."

"न्हाई," साहेबराव म्हणाला.

दुसऱ्या कुणी दुसऱ्या कुणाला नाही म्हटलं असतं, तर ते तिथंच विरलं असतं. पण ह्या माणसानं त्या माणसाला नाही म्हणायचं, हे खापरवाडीत कधी झालं नव्हतं. बद्रीनाथ निमूट परत गेला. पुढच्या बाजाराला टेंभुर्णीत त्याचा एक गडी साहेबरावाच्या टाकीत मूठभर माती ओतताना सापडला. साहेबरावानं त्याची मान धरली आणि तोंड टाकीच्या झाकणावर आपटलं. दोनदा. नाक फुटलं, दात पडला, भर बाजारात माणूस गुरासारखा ओरडला. रक्त टाकीवर उडालं होतं. साहेबरावानं आधी टाकी पुसली, मग माणूस सोडला. चूक होतीच ती. चांगुणाबाईनं त्याला त्या रात्री भाकर वाढली नाही. "लोखंडासाठी माणसाचं तोंड फोडलं," ती म्हणाली. "ते लोक इसरणार न्हाईत."

ते विसरले नाहीत, आणि त्यांना लवकरच निमित्तही मिळालं. मुंबईत ठराव झाला की मराठवाड्याच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. ठराव झाला कागदावर आणि आग लागली गावागावांत. एसट्या बंद पडल्या, तारा तुटल्या, पूल उखडले. ज्यांनी जन्मात विद्यापीठाची पायरी बघितली नव्हती ते विद्यापीठाच्या नावासाठी घासलेट घेऊन हिंडू लागले. आज अमक्या गावात वस्ती जाळली, काल तमक्या गावात हात तोडला, अशा बातम्या ओल्या वाऱ्यासारख्या येत होत्या.

श्रावणातल्या एका दुपारी उघडीप पडली आणि बाहेरगावची माणसं खापरवाडीच्या वेशीत जमायला लागली. काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या चेना. वस्तीला पळायला एकच वाट होती. मागच्या बाजरीतून ओढ्यावर. पलीकडच्या शिवारात रामराव नावाचा शेतकरी होता, जातीनं बद्रीनाथाचाच; पण त्यानं आदल्या दिवशीच निरोप धाडला होता की ओढा उतरून माझ्या गोठ्यात या, पुढचं मी बघतो. ओढ्याला मात्र कमरेइतकं पाणी होतं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, लेकरं. एकेकाला धरून पार करायचं म्हणजे वेळ लागणार होता, आणि वेशीतली माणसं वस्तीत यायला काही वेळ लागणार नव्हता.

साहेबरावानं गाडी बाहेर काढली.

"अव्हो, सोडा ती," बेबीनंदा म्हणाली. तिच्या कडेवर पोरगी होती. "जीव हाय तर गाडी हाय. चला जल्दी."

"गाडीच पायजे त्यायला," साहेबराव म्हणाला. "तिकडं गुतवून ठिवतो. तू मायला घेऊन हो पुढं. मागं बघायचं न्हाई."

बेबीनंदानं मागं बघितलंच. तो पुढं वाकून बसला होता, एजन्सीत गाडी पाहून आला त्या रात्री त्यानंच सांगितलं होतं तसा.

वेशीत शिरता शिरता त्यानं हॉर्न दाबून धरला. गर्दी दुभंगली. एक दगड खांद्यावर बसला, एक काठी हेडलाइटवर. मधे आलेला एक जण पुढच्या चाकाखाली गेला आणि किंचाळला. साहेबराव पारापुढून निघाला, चावडीशी वळला आणि पुन्हा आला. सगळे त्याच्यामागं धावत होते, त्याला तेच पाहिजे होतं. तिसऱ्या फेरीला दोघांनी बैलाचा नाडा रस्त्यावर आडवा ताणला. तो हवेत उडाला आणि पाराच्या दगडावर पडला. गाडी घसरत जाऊन बंद पडली.

मग मार सुरू झाला. त्यात सांगण्यासारखं काही नसतं. काठी कुठं बसते हे पहिल्या चार-दोन फटक्यांपर्यंत कळतं. चेनीनं त्याचा कान निम्मा तुटला. टेंभुर्णीत नाक फुटलेला गडी होता, त्यानं त्याच्या तोंडावर टाच ठेवून हिशेब पुरा केला. जातीवरून शिव्या, विद्यापीठावरून शिव्या, फटफटीवरून शिव्या. कुणीतरी गाडीवर घासलेट ओतायला डबा उचलला.

"जाळायची न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "ती माही हाय."

चावी गाडीलाच होती. त्यानं गाडी उभी केली, पदरानं देव पुसावा तशी शर्टानं सीट पुसली, बसला, चावी फिरवली आणि पायानं किक शोधली. उजवीकडं नव्हती. डावीकडं नव्हती. खाली उतरून त्यानं गाडीभोवती फेरा मारला. गर्दी बघत होती. जुन्या फटफटीवर शिकलेला माणूस. किक म्हणजे वर उभा दिसणारा दांडा, एवढंच त्याला माहीत.

"किक काढून ठिवली ह्यानं," तो म्हणाला. "फौजेतला हाय. सामान काढून ठिवतेत हे लोक."

सगळे साहेबरावाकडं वळले. "किक कुठंय?"

साहेबरावाला रक्तातूनही हसू आलं. येझदीला वेगळी किक नसतेच. डाव्या बाजूचा गिअरचा दांडा आत दाबून वर उचलला की तोच किक होतो, आणि पुन्हा पुढं पाडला की गिअर. बद्रीनाथाचा बूट दोनदा त्याच दांड्याला लागून गेला होता. आणि मग साहेबरावाच्या ध्यानात आलं, की हे लोक किक शोधतायत तोवर ओढ्याकडं कुणी जात नाही.

"बारवेत टाकली," तो म्हणाला.

दोघं तिघं खरंच बारवेत उतरले. बुड्या मारून, शेवाळ अंगावर घेऊन, शिव्या देत वर आले. मग जे मारायला लागले ते किकसाठीच मारायला लागले. विद्यापीठ राहिलं बाजूला. साहेबराव म्हणाला, बाभळीत फेकली. बाभळ धुंडाळून झाली. मग म्हणाला, चावडीच्या पत्र्यावर. पत्र्यावर एक जण चढला. परत आले तेव्हा एकाच्या हातात पहार होती. त्यानं साहेबरावाचा डावा पाय पाराच्या पायरीवर आडवा धरायला लावला आणि गुडघ्याखाली पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. साहेबरावाची शुद्ध गेली. पाणी मारून ती परत आणली.

"किक कुठंय?"

त्यानं तोंड मिटून घेतलं. आता खोटंही सुचत नव्हतं. मनात एकच चाललं होतं, पोरगी पार झाली का, माय पार झाली का. गर्दी कंटाळली होती, आणि कंटाळलेली गर्दी फार वाईट. "मरू द्या ती किक," कुणीतरी म्हणालं. "ह्याला अन गाडीला संगंच जाळा अन चला वस्तीकडं." घासलेटाचा डबा पुन्हा उचलला गेला. पहिली धार साहेबरावाच्या छातीवर पडली.

तेव्हा गर्दीच्या मागून चांगुणाबाई आली. कमरेपर्यंत ओली, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. तिला कुणी अडवलं नाही. म्हातारी काय करणार. ती लेकाजवळ आली, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "समदे पार झाले, सायबा. तुही पोरगी रामरावाच्या बायकोच्या मांडीवर हाय. माहं एक राह्यलं म्हनून आले."

मग ती बद्रीनाथापुढं गेली. "किक दिली तर सोडशीन ह्याला?"

"माय, न्हाई," साहेबराव म्हणाला.

बद्रीनाथ सीटवर बसून होता. त्यानं मान हलवली. चांगुणाबाई वाकली, रोज सकाळी मिश्री लावत जे बघत आली होती तेच तिनं केलं. दांडा तळहातानं आत दाबला, वर उचलून उभा केला. "ही घे तुही किक. मार. मारून झाली की दांडा पुढं पाड."

दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली. एवढा मार खाऊनही ती सुरू झाली. गर्दीनं आरोळी ठोकली. बद्रीनाथाच्या तोंडावर लग्नातल्या नवऱ्यासारखं हसू आलं. त्यानं दांडा पाडला, पायानं खाली दाबला, गाडी हिसका देऊन निघाली आणि अर्धी गर्दी तिच्यामागं पळाली. उरलेले वस्तीकडं गेले. वस्तीत आता जाळायला छपरंच होती. थोड्या वेळानं तिकडून धूर दिसायला लागला.

पारापुढं दोघंच राहिली. चांगुणाबाईनं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं घासलेट टिपलं. पायाकडं बघायची तिची हिंमत होत नव्हती. साहेबराव मात्र भलतीकडंच कान देऊन होता. टेंभुर्णीच्या रस्त्याला रोडकिंगचा आवाज चढत चालला होता. चढत, चढत, किंचाळत. बद्रीनाथ पहिल्याच गिअरमध्ये ती पळवत होता. जुन्या फटफटीच्या सवयीनं दांडा पुन्हा पुन्हा खालीच दाबत असणार. दुसरा तर वर होता.

"दुसरा टाक," साहेबराव पुटपुटला. फुटलेल्या ओठांतून रक्ताचा बुडबुडा आला. मग एकदम कोपरावर उठायला बघत ओरडला, "वर उचल भाड्या, वर. इंजन जाईन तिचं. दुसरा टाक."

चांगुणाबाई क्षणभर ऐकत राहिली. मग ज्या हातानं ती त्याचं तोंड पुसत होती त्याच हातानं तिनं त्याच्या थोबाडीत दिली.

"त्यानं तुहा पाय मोडला," ती म्हणाली. "अन तू त्याला गाडी शिकवून राह्यला."

पाय मोडताना साहेबराव रडला नव्हता. आता तो आईच्या ओल्या लुगड्यात तोंड खुपसून रडायला लागला, आणि गाडीचा आवाज ऐकू यायचा बंद झाला तरी थांबेना.