बर्फाचा वैरी घनश्यामभाऊ

पौषातली सकाळ. अहेरीच्या बाजारात मला थंडी वाजली, म्हणून थोडं ऊन यावं यासाठी मी रंभाबाईच्या मासोळीच्या दुकानावरची ताडपत्री बाजूला सारली. तेवढ्यानं विज्ञान बुडालं.

रंभाबाईचा नवरा घनश्यामभाऊ गावातले फ्रिज दुरुस्त करायचा. त्याच्या दुरुस्तीनंतर ते कपाट म्हणून उत्तम चालत. २००३ साली त्यानं एका मासिकात वाचलं, की गॅडोलिनियम नावाचा धातू चुंबकाजवळ नेला की तापतो, दूर केला की गार होतो, आणि यावर पुढे बिनगॅसचे फ्रिज निघतील. शास्त्रज्ञ अजून नवेनवे मिश्रधातू जुळवत बसले होते. भाऊला तेवढी सवड नव्हती. नागपूरच्या कॉलेजातल्या भाच्याकडून त्यानं नखाएवढा तुकडा आणला, जुन्या स्पीकरचं चुंबक उचकटलं आणि जाहीर केलं, "आता बर्फ बंद."

रंभाबाई म्हणाली, "एक बाजार देतो तुमाले. दुपारपर्यंत मासोळी गार राह्यली तं ठीक. नाई तं सिरोंच्याले, माह्या भावाच्या बर्फाच्या कारखान्यात."

मेहुण्याच्या हाताखाली बर्फ फोडायचा, म्हणजे भाऊची अब्रूच गेली.

गारव्याच्या परीक्षेला त्यानं भर हिवाळा निवडला, एवढा तो हुशार. तुकडा चुंबकाला लावायचा, ओल्या फडक्यानं त्याची उष्णता पुसायची, सोडवून मरळीच्या पोटाला टेकवायचा. टोपलीभर मासे आणि एवढंसं नख.

"हात लावून पाह्य. गार लागून राह्यली का नाई?"

मरळ गारच होती. मीही गारच होतो.

चहाला जाताना भाऊनं चुंबक टोपलीवर टांगलं, तुकडा त्याला खालून चिकटवला आणि मला म्हणाला, "ध्यान ठेव." मी ध्यान उन्हाकडे ठेवलं आणि ताडपत्री सारली. या धातूचं चुंबकाशी जमतं ते फक्त गारव्यात; तापला की हात सोडतो. त्यानं सोडला, आणि पडला तो थेट झिंग्यांच्या ढिगात. रंभाबाईनं वाटे लावून झिंगे विकून टाकले.

दुपारी मरळीचा वास सुटला. भाऊ रिकामं चुंबक घेऊन बाजारभर फिरला. तुकडा तोवर कोणाच्या तरी कढईत शिजत असणार.

उन्हाळ्यात सिरोंच्याला गेलो, तर कारखान्याच्या दारात भाऊ लाकडाच्या भुशात उभा राहून लादी फोडत होता. मी म्हणालो, "भाऊ, ताडपत्री मी सारली नसती तर आज तुमचा फ्रिज..."

त्यानं मान वर केली नाही.

"बर्फ किती पाह्यजे, थे बोल."