काळोखरावांचा कॅमेरा

पुलाचा चढ संपला तशी वहिनींनी कठड्याला पाठ टेकली आणि एक चप्पल काढून टाच दाबली. घरातून निघाल्यापासून बूड टेकायला मिळालं नव्हतं. भाऊजी आपल्याच नादात पुढे गेले, मग सोबत कुणी नाही हे ध्यानात येऊन थांबले.

"दमलात का वहिनी?"

"छे! पुलाला आधार देतेय. पडेल म्हणून."

भाऊजी हसले, पण वहिनींच्या तोंडाकडे बघून नाही. खांद्याच्या पलीकडे कुणी उभं असावं तसं तिकडे बघून. हल्ली त्यांचं असंच चाललं होतं. वहिनींना वाटे, नोकरी संपली आणि माणूस बुजरा झाला.

"आता एकच दुकान राहिलं," भाऊजी म्हणाले. "उताराच्या तोंडाशी."

"आणि तिथलाही नाही पसंत पडला तर?"

"पडेल."

"मघाच्या दुकानातही पडेलच म्हणत होतात. अहो, कॅमेरा घ्यायचाय, जावई नाही शोधायचा."

वहिनींनी चप्पल चढवली आणि दोघं पुन्हा चालू लागले. रस्ता ओलांडताना भाऊजींनी हळूच त्यांचं कोपर धरलं. हेही नवीनच होतं. दीर आपल्याला जपतो, असं मनाशी म्हणून वहिनी सुखावल्या होत्या.

हे भाऊजी म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचे, दादांचे, धाकटे भाऊ. घरात त्यांना सगळे काळोखराव म्हणत. नाव थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी ठेवलेलं. भाऊजींची उभी नोकरी इस्पितळाच्या डार्करूममध्ये गेली. एक्स-रे काढला की त्याची फिल्म धुवायची, पाण्यातून काढायची, चिमट्यांना वाळत टाकायची, आणि हे सारं एका मिणमिणत्या लाल दिव्याखाली. कपड्यांना कायम आंबूस वास. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्यांना जेवायच्या सुट्टीतच कळायचं. अर्ध्या शहराला ते तोंडावरून ओळखत नसत, बरगड्यांवरून ओळखत. एकदा बाजारात कुणीसा खेकसून अंगावर आला, तेव्हा ते वहिनींच्या कानात म्हणाले होते, "ओरडू दे. डावीकडची हाडं अजून नीट जुळलेली नाहीत, त्याचंच त्याला दुखेल."

लग्न राहून गेलं. राहून का गेलं, याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही. ते दादांच्या घरातच पुढच्या खोलीत राहिले, आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांचे फोटो काढत राहिले. त्यामुळे घरातल्या कुठल्याच फोटोत ते नव्हते. आणि दादाही नव्हते, कारण दादा बस चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी हटकून ड्यूटीवर असायचे.

घरात वीज गेली की दादा ओरडायचे, "अरे काळोख्याला बोलवा! त्याला अंधारात दिसतं." आणि खरोखरच भाऊजी चाचपडल्याशिवाय जाऊन मेणबत्ती आणायचे. मुलांना ती जादू वाटे. दादांना तर ती जादू नव्हेच, जगाचा नियम वाटे.

मग दादांच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण उजेड सोसेनासा झाला. जरा लख्ख काही डोळ्यांवर आलं की फिट येई. डॉक्टरांनी बजावलं होतं, भगभगीत दिवा नको, फ्लॅश तर मुळीच नको. तेव्हापासून मागच्या खोलीला जाड पडदे होते आणि झिरोचा बल्ब. तेवढ्या उजेडात वहिनी औषधं मोजत, भरवत, अंग पुसत, चादर बदलत. आपला दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो, याचा त्यांचा त्यांनाच पत्ता नसे. वहिनींचा देव फार बोलणारा नव्हता, आणि वहिनीही त्याला फार बोलून त्रास देत नसत. मनात एक वाक्य म्हणायचं, पदर खोचायचा आणि कामाला लागायचं.

अलीकडे दादांच्या तोंडाची उजवी बाजू उतरत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, हे आणखी वाढणार. एक दिवस वहिनी उशी सारखी करत असताना दादा म्हणाले, "काळोख्याला सांग, माझा एक फोटो काढून ठेव म्हणावं. हसता येतंय तोवर. नाहीतर तुम्ही भिंतीवर लायसनवरचा लावाल. त्यात मी चोर दिसतो."

"काहीतरी बोलू नका," वहिनी म्हणाल्या. पण लायसनवरच्या फोटोत ते चोर दिसत हे खरं होतं.

लेकीनं आधी फोनवर काढून बघितला. फोननं त्या अंधारातून दिवस काढला, सुरकुत्या पुसल्या, उतरलेला गालही सावरून दिला. दादांनी तो बघितला आणि विचारलं, "हा कोण मेला? बरा तजेलदार आहे. सासरचा का तुझ्या?" लेक रडत बाहेर आली. तेव्हा भाऊजी म्हणाले, फिल्मचा कॅमेरा बघतो. आहे तेवढ्याच उजेडात, आहे तसा दादा.

त्यांचा स्वतःचा जुना कॅमेरा थोराड. त्यात खटका दाबला की आतला आरसा उडतो आणि खाड्कन वाजतं. दादा आवाजानंही दचकत. म्हणून लहान, आरसा नसलेला हवा होता. त्यात बघायची खिडकी वेगळी, आणि खिडकीच्या बरोबर मधे एक फिकट पिवळा चौकोन असतो. त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकाच्या कडेला चिकटलेला दुसरा. पुढची कडी फिरवत गेलं की दोघं सरकत सरकत एक होतात. एक झाले की अंतर जमलं, फोटो स्पष्ट येणार. हे सगळं भाऊजींनी वहिनींना जाताना रस्त्यात समजावलं होतं, आणि वहिनींनी "बरं" म्हणून ऐकलं होतं, कारण चालताना कुणी बोलत असलं की टाच कमी दुखते.

पहिल्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं तोंडच लहान निघालं. "एवढ्याशा भोकातून झिरोचा बल्ब आत जायचा म्हणजे देवच पाहिजे मदतीला," भाऊजी म्हणाले. दुसऱ्या दुकानात एक होता, पण त्याचं सगळं सेलवर चाले, आणि तसले सेल आता निघत नाहीत. आणखी दोन होते. त्यांची तोंडं मोठी, सेलवाचूनही चालणारे. भाऊजींनी एकेक डोळ्याला लावला, कडी पुढे मागे फिरवली, खाली ठेवला. "जुळत नाही. पडलेला दिसतोय कुठेतरी." दुसराही तसाच खाली ठेवला. "हाही पडलेला." दुकानदार तेव्हा चिडला होता.

आता तिसरं दुकान. काउंटरवरच्या काचेखाली कॅमेरे दाटीवाटीनं मांडलेले, मागे स्टुलावर जाड भिंगांचा चष्मा लावलेला म्हातारा दुकानदार, हातात बारीक पेचकस. भाऊजींनी काय हवंय ते सांगितलं तशी त्याची कळी खुलली.

"एक पॉइंट सात आहे," तो एक कॅमेरा पुसत म्हणाला. "ताई, यात उलटा कारभार असतो. आकडा लहान तेवढं तोंड मोठं."

"आमच्या घरातही तसंच आहे," वहिनी म्हणाल्या. "धाकट्याचंच तोंड मोठं."

दुकानदार खो खो हसला. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा तळहातावर तोलला, खटका दाबला. कुणी जीभ टाळ्याला लावून सोडावी, एवढाच आवाज झाला. त्यांचा चेहरा उजळला. वहिनींच्या मनात आलं, झालं एकदाचं, आता घरी जाऊन पाय पाण्यात सोडू.

"किती जवळून निघेल?" भाऊजींनी विचारलं.

"हात लांब केलात की त्याच्या जरा पुढून. त्याहून जवळ नाही."

"मग खुर्ची कपाट आणि पलंग यांच्यामधे नाही मावणार," वहिनी म्हणाल्या. "पलंग खिडकीकडे सरकवू. मी सरकवीन."

भाऊजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दुकानदारावर रोखला. कडी फिरवली. उलट फिरवली. दुसऱ्या डोळ्याला लावला. पुन्हा फिरवली. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"जुळत नाही," ते म्हणाले.

दुकानदारानं कॅमेरा घेतला, स्वतः बघितला. "काका, परवाच उघडून जुळवलाय मी. तलवारीच्या धारेसारखं जुळतंय."

"मला शिकवू नका. सगळ्या बाजारात एक कॅमेरा धड नाही! पडलेले, आपटलेले, वर पॉलिश मारून ठेवलेले..."

"आवाज चढवू नका काका. नको असेल तर ठेवा खाली."

वहिनी शरमल्या. भाऊजींचा आवाज चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. उगीच काहीतरी करावं म्हणून त्यांनी काउंटरवरचा कॅमेरा उचलला आणि भाऊजींनी धरला होता तसा डोळ्याला लावला. खिडकीत दुकानदार दिसला, आणि पिवळ्या चौकोनात त्याच्या नाकावर चार भिंगं. वहिनींनी कडी बोटानं ढकलली. भिंगं सरकली. चाराची दोन झाली. इतकं सोपं होतं. देवघरातली समई पुसण्याहून सोपं.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला नाही. तो चेहऱ्यावर होता तोवर चेहरा कुणाला दिसणार नव्हता. पायरीवर आधी पाऊल चाचपणारे भाऊजी त्यांना आठवले. कपाच्या शेजारी ओतलेला चहा आठवला, ज्यावरून त्या लेकीला, तिनंच सांडला समजून, टाकून बोलल्या होत्या. रस्त्यात धरलेलं कोपर. आणि खांद्यापलीकडे बघून केलेलं हसू. तीन कॅमेरे काही एकदम पडत नाहीत.

'देवा,' त्या मनात म्हणाल्या, 'अजून एक? माझे हात दोनच आहेत रे.' आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. पण म्हटलेलं म्हटलं गेलं होतं, आणि त्यानं ऐकलंही असणार.

"हाच द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

"वहिनी, अहो जुळत नाही म्हणतोय ना मी!"

"हाच द्या. आणि एक रोल. अंधारात चालणारा."

दुकानदारानं एकदा वहिनींकडे बघितलं, एकदा भाऊजींकडे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "रोल मी भरून देतो, ताई."

उतारावर बसथांबा होता. त्याच्या बाकावर वहिनी बसल्या त्या बसल्याच. भाऊजी कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी टेकले. एक बस आली, दार उघडून थांबली, कुणी चढलं नाही म्हणून गेली.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

भाऊजींनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "डार्करूम बंद झाली तेव्हापासून असेल. मला वाटलं, एवढी वर्षं काळोखात काढली, उजेडाची सवय नाही. होईल हळूहळू."

"मोतीबिंदू असेल. हल्ली चुटकीसरशी काढतात."

"नाही. डॉक्टरला दाखवलंय. कडेचं सगळं दिसतं. तुमच्या पदराचा काठ दिसतोय, बसच्या पाटीचा कोपरा दिसत होता. मधलं गेलंय. जिकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. चौकोन मधे असतो ना कॅमेऱ्यात. वाटलं, एखादा तरी कॅमेरा असेल ज्यात..."

"आणि ते दुकानदार बिचारे शिव्या खात बसले."

"हो. या म्हाताऱ्याची माफी मागायला हवी."

"मागा पुढच्या वेळी. आज माझ्यात परत चढ चढायचं बळ नाही." वहिनींनी डोळे मिटून डोकं मागे टेकलं. घरी दादांच्या औषधाची वेळ होत आली असेल. लेक थांबली आहे, पण तिला गोळ्या ओळखू येत नाहीत. रात्रीचा स्वयंपाक व्हायचाय. आणि आता या माणसाचा चहाही आपणच ओतायचा. कुणी 'ऊठ' म्हणालं नसतं तर त्या त्या बाकावर सकाळपर्यंत झोपल्या असत्या.

"घरी सांगायला हवं होतंत," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "निदान मला."

"तुमच्या डोक्यावर आधीच एक आहे."

"एक काय आणि दोन काय. डोकं तेच आहे." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "मला जुळतं. मघाशी बघितलं मी. मी काढते फोटो."

"तुम्ही कॅमेरा धरलात तर दादा हसणार नाही."

हे खरं होतं. वहिनींसमोर दादा आजारी असत. धाकट्या भावासमोर ते अजून थोरले होते.

पुन्हा एक बस चढावरून येताना दिसली. वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. भाऊजीही उठले, आणि या वेळी त्यांनी कोपर धरलं तेव्हा काही लपवलं नाही, नीट घट्ट धरलं.

"वहिनी, एक मागतो. दुपारी दादाचा डोळा लागला की तुम्ही खुर्चीत बसून त्याचं जुळवून ठेवा. दोन दादांचा एक दादा करा. मग कडीला कुणी हात लावायचा नाही. तो जागा झाला की मी त्याच खुर्चीत बसेन, तुम्ही कॅमेरा माझ्या हातात द्या. खटका मी दाबेन. तेवढं दादाला सांगू नका. त्याला वाटू दे, मला अंधारात दिसतं."