तारेची पावती

हिलालभाऊंशी सलग तीन वाक्यं बोलून झालेला माणूस जळगावच्या त्या गल्लीत शोधूनही सापडला नसता. दुसऱ्या वाक्यालाच भाऊंचा हात वर व्हायचा. "एक मिनिट. मंगळवार नव्हता तो, बुधवार होता." झालं! ज्याची म्हैस मेली त्या बिचाऱ्याने म्हैस बाजूला ठेवायची आणि वार शोधत बसायचं.

भाऊंची नोकरीच तशी होती. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी जुनी दप्तरं सांभाळली. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे ते डोळे मिटून सांगायचे. माणसाचं तोंड खोटं बोलतं, कागद बोलत नाही, हे त्यांच्या मनाने पक्कं धरलं होतं. रिटायर झाल्यावर कचेरी सुटली, पण कचेरीने भाऊंना सोडलं नाही.

गल्लीतल्या उघड्या नाल्याची गोष्ट तर सगळ्यांना पाठ होती. लालचंद शेठच्या किराणा दुकानासमोर गल्ली जमली होती. नगरसेवक स्वतः आले होते, आणि ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. शेठजींनी सुरुवात केली, "साहेब, नाल्यावर फरश्या टाकून द्या. गेल्या पावसाळ्यात चार जण पडले."

"तीन," भाऊ म्हणाले. "चौथी शेळी होती."

मग शेळी धरायची की नाही यावर वाद. मग शेळी कोणाची यावर. मग ती पावसाळ्यात पडली की नवरात्रात, यावर दोन तट पडले आणि एका तटाने दुसऱ्याच्या आजोबांपर्यंत मजल मारली. नगरसेवकांनी दोन कप चहा घेतला, घड्याळ पाहिलं, लुनाला पायडल मारलं आणि निघून गेले. नाला सहा वर्षं उघडाच राहिला. पुढच्याच श्रावणात भाऊ स्वतः त्यात पडले. लोक बाहेर काढत असताना कोणीतरी म्हणालं, "हा पाचवा!" तर कमरेइतक्या चिखलातून भाऊ ओरडले, "चौथा!"

माणूस वाईट नव्हता हो. अडल्यानडल्याचे अर्ज लिहून द्यायचे, म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी उन्हातान्हात हेलपाटे घालायचे. पण बरोबर असण्याची त्यांना अशी काही गोडी लागली होती की समोरचा कशासाठी बोलतोय हे ऐकायला त्यांना फुरसतच नसे. गल्ली हसून सोडून द्यायची. एका ठिकाणी मात्र हसण्यावारी गेलं नाही, आणि ते ठिकाण म्हणजे त्यांची मोठी बहीण.

धुरपदाबाई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर निंदणीला जायची, तेव्हा हिलालला कडेवर घेऊन वाढवलं ते या अक्काने. तिला नरडाण्याजवळच्या एका खेड्यात दिलेलं. दरवर्षी आखाजीला भाऊ तिला आणायला जायचे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या सासुरवाशिणींची दिवाळी. निंबाला झोके बांधले जातात, खापरावर पुरणपोळ्या होतात, आमरस होतो, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. साठीला टेकलेली बाईसुद्धा त्या दिवशी माहेरी पोरगी होते.

त्र्याऐंशी सालच्या माघात आई गेली. जळगावला भाऊंच्या घरी, सकाळी नऊला. भाऊंनी लगोलग तारघर गाठून अक्काला तार केली आणि पाच वाजेपर्यंत सगळ्यांना थोपवून धरलं. पण नातेवाईक घाई करू लागले, म्हातारे सूर्याकडे बोट दाखवू लागले, आणि आईला नेलं. अक्का पोचली रात्री आठला. हातात पितळी डबा होता. ओटा धुतलेला पाहून ती दारातच बसली. एक मामी दुसरीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "डबा भरून आली बाई, सवडीने!"

अक्काने भावाकडे पाहिलं. "हिलाल, तू माले कळाडं नही रे."

इथे दुसऱ्या कोणी बहिणीला जवळ घेतलं असतं. भाऊंनी खिशातून तारेची पावती काढली. "कळवलं नाही कसं, अक्का? नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तार टाकली. हा शिक्का बघ."

अक्काने शिक्का पाहिला नाही. तेराव्यानंतर गेली ती परत आली नाही.

भाऊ मात्र चिकाटीचे. दर आखाजीला नवं लुगडं घेऊन सुरत पॅसेंजरने नरडाण्याला उतरायचे. दरवर्षी अक्का पाणी द्यायची, जेवू घालायची, आणि निघायची गोष्ट काढली की म्हणायची, "तू माले कळाडं नही." तिचं पुढचं वाक्य ओठांवर येईतो भाऊंची पावती बाहेर. दुसऱ्या वर्षी पावतीबरोबर रेल्वेचं टाइमटेबल गेलं; बाराला तार मिळाली तर दोनची गाडी सहज मिळते, हे लाल पेन्सिलने अधोरेखित करून. तिसऱ्या वर्षी तर त्यांनी तिथल्या पोस्टात बसून डिलिव्हरीच्या वहीतली नोंद उतरवून आणली. बारा वाजून दहा मिनिटं. खाली पोस्टमनची सही. मेव्हणे झुलाल आबा गमत्या माणूस. ते म्हणाले, "हिलाल, पुढल्या साली बेलिफ लई ये." लुगडं मात्र दरवर्षी जसं जायचं तसं परत यायचं. प्रमिलाबाईंच्या कपाटात अशी नऊ लुगडी साठली. त्यांना ती नेसवेनात आणि कोणाला देववेनात.

प्रमिलाबाई म्हणजे भाऊंची बायको. बोलायला कमी, बघायला जास्त.

ब्याण्णवच्या चैत्रात झुलाल आबांचं कार्ड आलं. 'हिची तब्येत बरी नसते. हिवाळ्यात पडली, तेव्हापासून काठी लागते. आईच्या घागरीला एकदा हात लावायचा आहे, असं मला म्हणते, तुला म्हणणार नाही. तू ये. कागद आणू नको.'

भाऊंनी कार्ड दोनदा वाचलं. "हिवाळ्यात नव्हे," ते म्हणाले, "ऑक्टोबरात पडली ती." मग कार्ड घेऊन ओट्यावर जाऊन बसले. अक्का काठीवर चालते, हे काही त्यांच्या डोळ्यांपुढे येईना. त्यांना आठवत होती ती त्यांना कडेवर घेऊन ओढा ओलांडणारी.

निघायच्या सकाळी त्यांनी पावती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. दाखवायची नव्हतीच, पण जवळ असावी. नऊ वर्षांत ती पिवळी पडली होती, घड्यांवर चिरली होती. त्यांनी आंघोळीला जाताना सदरा खुंटीला टांगला. परत येऊन घातला, खिशावरून हात फिरवला, आत कागदाची घडी लागली, निघाले.

अक्का ओसरीवर बसली होती. खरोखरच म्हातारी झाली होती. 

"ऊना का? बस. पाणी पे."

गप्पा सुरू झाल्या, आणि भाऊंची परीक्षाही. अक्का म्हणाली, पिंपळाखालची विहीर आजोबांनी खणली. काकांनी खणली होती. भाऊंनी पाण्याचा घोट घेतला. अक्का म्हणाली, भाऊंच्या लग्नात पाऊस पडला. तो साखरपुड्यात पडला होता. भाऊंनी दुसरा घोट घेतला. अक्का म्हणाली, हिलाल चौथीत नापास झालता. भाऊंनी तांब्या रिकामा केला. झुलाल आबा खांबाला टेकून हे सगळं पाहत होते आणि मिशीत हसत होते. त्यांनी दुसरा तांब्या आणून ठेवला.

मग भाऊंनी लुगडं पुढे ठेवलं. "चल अक्का. आईची घागर भरायची आहे."

अक्काने लुगड्यावरून हात फिरवला. "तू माले कळाडं नही, हिलाल."

भाऊंनी ठरवलं होतं. अगदी गाडीत बसल्यापासून ठरवलं होतं. पण नऊ वर्षांची सवय; हात आपोआप खिशात गेला. घडी बाहेर आली, उघडली. तो चहापत्तीच्या पुडीचा कागद होता, लालचंद शेठच्या दुकानातला. भाऊंनी तो उलटा केला, सुलटा केला. खिसा बाहेर ओढून पाहिला. खिशात काही नव्हतं. त्यांना खुंटीवरचा सदरा आठवला, प्रमिलाबाई आठवल्या.

ओसरीवर शांत झालं. आणि त्या शांततेत अक्काचं वाक्य, नऊ वर्षांनी, पुरं झालं.

"माय गयी, हाई तू कळाडं नही. माय आजारी शे, इतलंच कळाडं. पोस्टमननी वाची दिधी माले तार. बाराले उनी, माले काय माहीत नही का? मनाच हातमा उनी ती. मी म्हनं, आजारी शे ना, तोंडले चव नसी. तिले दादर जवारीन्या कण्या आवडेत. मी दयाले बसनू, शिजाडाले बसनू. दोननी गाडी सोडी दिधी मी. माले वाटनं, माय खाई."

तिने पदर डोळ्यांना लावला. "आजारी लिखं नसतं ना तू, तं मी पायेपाये पयत उनू असती."

भाऊंनी चहाच्या पुडीचा कागद घडी घालून खाली ठेवला. त्यांना तारघराची खिडकी दिसली. फॉर्मवर ते 'आई' लिहून थांबले होते. आतले तारबाबू म्हणाले होते, "सिरियस लिहा हो. बाईमाणसाला एकदम तसं कळवू नये, सगळे असंच लिहितात." खरंच सगळे तसंच लिहायचे. म्हणून भाऊंना ते खोटं कधी वाटलंच नव्हतं. पावतीवर वेळ होती, शिक्का होता, शब्द किती तेही होतं. शब्द कोणता, ते नव्हतं. शेळी मोजणारा हा माणूस; जन्मात एकदाच त्याने खरं नाही ते लिहिलं, तेही मायेने, आणि त्याच तारेची पावती नऊ वर्षं बहिणीच्या तोंडासमोर नाचवली.

आणि तो डबा! दारात बसलेल्या अक्काच्या हातातला डबा त्यांनी पाहिला होता. त्यात काय आहे, एवढं विचारायचं होतं फक्त. नऊ वर्षांत त्यांनी पोस्टाला विचारलं, रेल्वेला विचारलं, अक्काला विचारलं नाही.

अक्काशी वाद घालताना भाऊ नेहमी कचेरीतली मराठी बोलायचे. आता तोंडातून आलं ते लहानपणचं.

"अक्का, मी खोटं लिखं. माय गयती. माय गयी, हाई लिखाले मना हात चालना नही."

 अक्काने हात पुढे करून त्यांच्या टकलावर ठेवला आणि तसाच ठेवला. झुलाल आबा उगाचच गोठ्याकडे बैल बघायला गेले. बैल त्यांनी दोन वर्षांपूर्वीच विकले होते, पण भाऊंनी ते बोलून दाखवलं नाही.

थोड्या वेळाने अक्का काठी टेकत आत गेली. भांड्यांचा आवाज आला, चूल पेटल्याचा वास आला. बाहेर आली तेव्हा नवं लुगडं नेसलेली होती आणि हातात तोच पितळी डबा होता, झाकणातून कण्यांची वाफ येत होती.

"मायनी घागरपुढे ठेवसूत," ती म्हणाली. "गाडी कितला वाजता शे रे?"

दोन वाजून पाच मिनिटांनी होती. त्या क्षणी दोनला दहा मिनिटं कमी होती आणि स्टेशन चार किलोमीटर लांब होतं. हे त्या ओसरीवर भाऊंइतकं अचूक कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी उठून तिच्या हातातला डबा घेतला. "तू निंघशी तवय, अक्का."